ओवीची चाल गजावर

शिरूर-दौंडच्या आपल्या बचत गटांत साठी ओलांडलेल्या कितीतरी जणींना जात्यावरच्या ओव्या येतात. सुना-नातींना शब्द थोडेफार माहीत असतात, चाल मात्र येत नाही. आज त्या चालीविषयी बोलू.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून १ लाखावर ओव्या गोळा केल्या. आपल्या शिरूर तालुक्यातलं सविंदणे त्यातलंच एक गाव. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण केलं, ते १२० तासांहून जास्त आहे. काम मोठंच, पण १ लाख ओव्यांपुढे हे तास थोडे. म्हणजे शब्द वहीत उतरले, पण बऱ्याच चाली गाणारणींच्या गळ्यातच राहिल्या.

मग ही चाल वाद्यावर घेता येईल का? पेटीवर अवघड जातं. ओवीत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असतं, आणि पेटीची पट्टी एकच सूर देते. अशाच कारणांनी आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला बंदी घातली होती. व्हायोलिनला पट्ट्या नसतात, बोट सरकवलं की सूर सरकतो.

हे वाद्य युरोपातलं, पण इथे येऊन ते बदललं. आपले वादक मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवतात, तारा सा-प-सा-प अशा लावतात. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची गायकी शिकले आणि गळ्यातलं गाणं त्यांनी गजावर आणलं. नगर जिल्ह्यातल्या हरेगावचे प्रभाकर जोग त्यांच्याकडे शिकले. त्यांच्या वादनाला लोक ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणत, कारण ते गाण्यातले शब्द मनात धरून गज फिरवत.

ओवीलाही हीच रीत लागू पडते. आधी आजीसारखं गाऊन शिकायचं, मग वाद्य हाती घ्यायचं. तिचा सा ज्या उंचीवर असेल तिथे तार लावायची, तिला आपल्या पट्टीत ओढायचं नाही. मधला ‘गं बाई’ गाळायचा नाही, कारण ती दमाची जागा असते. जात्याच्या फेऱ्याला जशी ओढ असते तशी गजाला द्यायची. एकीने ओळ म्हटली की दुसरी ती उचलते, तसं एकदा गळ्याने, एकदा व्हायोलिनने म्हणून पाहावं. वाजवणाऱ्याने हरकती-ताना घातल्या तर ऐकायला छान वाटेल, पण ती आपली ओवी राहणार नाही.

चाल माहेराहून सासरी आली, ती बाईच्याच गळ्यातून. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, आणि शिकायची जागाच गेली. म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की मोबाइल मध्ये ठेवा. प्रत्येक आजीकडून दोन ओव्या घ्या, गाणारीचं नाव, माहेर आणि सासर तिच्याच तोंडून बोलून घ्या. गावातलं कुणी पोर व्हायोलिन शिकत असेल, तर त्यालाही बोलवा.