विरजणाचं कुळ

दही वाढून झालं आणि विरजणापुरतं ठेवायचं राहून गेलं, की पूर्वी वाटी घेऊन शेजारी जावं लागे. साखर दुकानात मिळायची, विरजण मात्र मागूनच आणायचं. कारण दही लावायला दहीच लागतं.

मग पहिलं दही कशानं लागलं असेल? या प्रश्नाच्या जवळपास नेणारी एक यादी तैत्तिरीय संहितेत आहे. अमावास्येच्या यागात इंद्राला दूध आणि दही मिळून 'सांनाय्य' अर्पण करत. त्यासाठी आदल्या रात्रीच दूध विरजायचं. विरजणाला तिथे शब्द आहे 'आतंचन'. पूतीक वेलीनं किंवा पळसाच्या सालीनं विरजलेलं ते सोमाचं, बोरांनी विरजलेलं राक्षसांचं, तांदळांनी विरजलेलं विश्वेदेवांचं. इंद्रासाठी मात्र दह्यानंच विरजावं, असा निर्णय तिथे दिला आहे.

साल, फळ, धान्य ही यादी वाचली की हिरव्या मिरचीचे देठ आठवतात. घरात विरजण नसेल तर कोमट दुधात आजही देठ टाकून ठेवतात. पहिलं दही बेताचंच लागतं. पण त्यातलं चमचाभर पुढच्या दुधाला लावलं की दुसरं, तिसरं सुधारत जातं. झाडापानांवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात. देठाबरोबर ते दुधात उतरतात आणि प्रत्येक खेपेला दुधात रुळलेले तेवढे पुढे जातात.

दूध आंबवणारे हे सजीव लुई पाश्चरनं 1857 मध्ये दाखवून दिले. 1905 मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं जिनिव्हात आपल्या देशाच्या दह्यातला काडीसारखा जिवाणू ओळखला. हे जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. ताज्या दुधाचा सामू 6.7च्या आसपास असतो, तो 4.6कडे उतरला की केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरतात, त्यांचं जाळं होतं आणि पाणी त्यात अडकून राहतं. रात्री भांडं हलवू देत नाहीत ते याचसाठी: धक्का लागला की जाळं तुटतं आणि पाणी सुटतं.

आजीला सामू ठाऊक नव्हता. ती दुधात करंगळी बुडवायची, चटका बसला तर थांबायची. विरजण घालून दूध एकदाच ढवळायची आणि थंडीत भांडं गोणपाटात गुंडाळून चुलीजवळ ठेवायची. सकाळी पंगत कितीही मोठी असो, पहिली वाढ करण्याआधी छोट्या वाटीत चमचाभर दही निघायचं आणि वरच्या फळीवर जायचं.