स्तंभ-वर्णलेखनातील अ‍ॅल्युमिना

‘वर्ण’ या शब्दाने मराठीत रंग व अक्षर असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. त्यामुळे ‘वर्णलेखन’ ही संज्ञा प्रथमदर्शनी लेखनकलेची वाटावी. वस्तुतः ते रसायनशास्त्रातील विलगीकरणाच्या एका पद्धतीचे नाव होय. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०६ साली ग्रीक शब्दांवरून जी संज्ञा घडविली, तिचेच हे भाषांतर. हिरव्या पानांचा अर्क खडूच्या चूर्णाने भरलेल्या काचनळीतून वाहू दिला असता त्यास निरनिराळ्या रंगांचे पट्टे आढळले. जे द्रव्य चूर्णाच्या पृष्ठभागास अधिक दृढपणे चिकटते ते मागे राहते. या चिकटण्यासच अधिशोषण म्हणतात.

तथापि सुमारे पंचवीस वर्षे ही पद्धत उपेक्षित राहिली. चूर्ण पदार्थांस केवळ वेगळे करते की त्यांस पालटूनही टाकते, ही शंका विल्श्टेटरसारख्या नामवंतांस होती. १९३१ साली हायडेलबर्ग येथे कून व लेडरर यांनी अ‍ॅल्युमिनाच्या साहाय्याने कॅरोटिनचे आल्फा व बीटा हे घटक वेगळे केले, तेव्हा पद्धतीस प्रतिष्ठा लाभली. शंकेचे निरसन मात्र झाले नाही.

अ‍ॅल्युमिनाची अधिशोषणशक्ती तीमधील पाण्यावर अवलंबून असते. १९४१ साली ब्रोकमान व शोडर यांनी अ‍ॅझो रंगद्रव्यांच्या कसोटीने तिच्या पाच श्रेणी ठरविल्या. पहिल्या श्रेणीत पाणी मिसळलेले नसते, पाचवीत ते सुमारे १५ टक्के असते. पांढऱ्या चूर्णाचे बळ मोजावयास रंगच उपयोगी पडले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

परंतु या चूर्णाच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी व अल्कधर्मी अशी दोन्ही स्थाने असतात. त्यामुळे अ‍ॅसिटोनसारख्या साध्या द्रावकाचे रेणूही तेथे परस्परांशी जोडले जातात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) डॉ. सुखदेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोषच अभ्यासविषय केला. क्रियाशील अ‍ॅल्युमिनावर इपॉक्साइडांचे अ‍ॅलिलिक अल्कोहोलादी पदार्थांत रूपांतर होते, हे त्यांनी पद्धतशीरपणे दाखविले. जुन्या शंकेतून अशा रीतीने संश्लेषणाचे एक साधन निघाले.

पाठचिकित्सेत लेखनिकाचा हात विचारात घ्यावा लागतो, तसाच येथे चूर्णाचा. स्तंभातून उतरलेले द्रव्य वनस्पतीत मूळचेच होते असे मानण्यापूर्वी अ‍ॅल्युमिना कोणत्या श्रेणीची होती व द्रव्य तिच्या सहवासात किती काळ राहिले, हे अभ्यासकाने तपासले पाहिजे.