गालातली वीज

पाय मोडला तर माणूस लंगडतो, तापाने फणफणला तर अंगाला हात लावताच कळते. पण एक दुखणे असे आहे की, ते ऐन चेहऱ्यावर वस्तीला असूनही शेजारी बसलेल्याला दिसत नाही. गालातून, हिरडीतून किंवा कपाळातून अवचित वीज चमकून जाते, भोगणाऱ्याला क्षणभर जग थांबल्यासारखे वाटते, आणि मिनिटभराने पाहावे तर त्या गालावर ना सूज, ना लाली! डॉक्टर याला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात. चेहऱ्याची जाणीव मेंदूपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूला तीन शाखा असतात: एक कपाळाची, एक गालाची, एक खालच्या जबड्याची. त्या तंतूचा हा शूल. त्याला निमित्तही फार लागत नाही. पाण्याचा घोट, वस्तऱ्याचा स्पर्श, वाऱ्याची झुळूक, चार शब्द बोलणे पुरते. फराळाच्या ताटातली चकली पाहून ज्याच्या पोटात भीतीचा गोळा उठतो, असाही एखादा माणूस घरात असू शकतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आमचे कारंजा लाड हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. त्यांचा जन्म 1378 सालचा मानतात. गुरुचरित्रात गोदातीरावरची एक कथा आहे. पोटशूळाने गांजलेला एक ब्राह्मण. अन्न पोटात गेले की त्याच्या यातना वाढत. अन्नच वैरी झाले तेव्हा तो नदीत जीव द्यायला निघाला. श्रीगुरूंनी त्याला परत बोलावून घेतले आणि सायंदेवाच्या घरी गोडाधोडाचे जेवण घालवले. ते दुखणे पोटाचे, चेहऱ्याचे नव्हे; भाविक त्यात गुरुकृपा पाहतात, तेही योग्यच. मला मात्र त्या कथेतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या माणसाला कोणी सोंगाड्या म्हटले नाही. त्याच्या वेदनेवर आधी विश्वास ठेवला गेला, उपाय मागाहून आला. चेहऱ्याच्या शूळाचा सारा इतिहास या दोन पायऱ्यांचाच आहे.

आपल्याकडे या दुखण्याची चाहूल फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतला ‘अनंतवात’ पाहावा: मानेत तीव्र वेदना, मग डोळा, भुवई आणि कानशील यांत ठाण मांडणे, गालाच्या बाजूला कंप, जबडा धरणे. आजचे अनेक वैद्य अनंतवात आणि हा शूल यांचे नाते जोडतात. उपाय म्हणून सुश्रुतांनी शीर तोडून रक्त काढायला सांगितले, आणि सोबत संयाव, घृतपूर अशी तुपातली पक्वान्ने खायला सांगितली. रक्त काढण्याचा उपाय आज कोणी सांगणार नाही. पण रोग्याच्या पोटात अन्न गेले पाहिजे, ही चिंता त्या ग्रंथातही दिसते.

युरोपातली हकीकत अशीच उद्बोधक आहे. 1677 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये इंग्रज वकिलाची पत्नी नॉर्थंबरलंडची काउंटेस आजारी पडली. तिला तपासायला आलेला वैद्य म्हणजे पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला जॉन लॉक. चेहऱ्याच्या एका बाजूला एकाएकी आगीचा लोळ उठावा तशा तिच्या कळा त्याने आपल्या पत्रांतून टिपून ठेवल्या. 1756 साली फ्रान्सच्या निकोला आंद्रे याने या रोगाला ‘तिक् दुलुरू’, म्हणजे वेदनेचा झटका, असे नाव दिले. 1773 साली लंडनच्या जॉन फॉदरगिल याने त्याचे वर्णन वैद्यमंडळींपुढे ठेवले. रोगाला नाव मिळाले, चेहराही मिळाला. औषध मात्र मिळाले नाही.

नाव माहीत नसले की काय होते, ते मी स्वतः भोगले आहे. आमचा धंदा मास्तरकीचा, म्हणजे बोलण्याचा. हजेरी घेताना पाचव्या-सहाव्या नावाला उजव्या जबड्यात कळ यायची आणि मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचा. मुलांना वाटे, गुरुजी रागावले. कळ दाढेतून येते म्हणून एका दंतवैद्याने दाढ काढली. महिनाभराने दुसरी काढली. दाढा गेल्या, कळ राहिली. या रोगात असे पुष्कळांच्या बाबतीत घडते, कारण शूल दाताच्या मुळातून निघतो असेच वाटते. पुढे नागपूरच्या एका तज्ज्ञाने माझे सारे ऐकून घेतले, मेंदूचे एमआरआय चित्र काढायला लावले आणि एक साधी गोळी लिहून दिली.

त्या गोळीची कथा ऐकण्यासारखी आहे. 1942 साली फ्रान्सच्या बेर्गुइन्याँ याने फेफऱ्यावरचे फेनिटॉइन हे औषध या शूळावर वापरून पाहिले. पुढे 1953 साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे गायगी कंपनीच्या वाल्टर शिंडलर याने कार्बामाझेपिन हे रसायन बनवले. ते फेफऱ्याचे औषध ठरले, आणि 1962 साली स्वीडनच्या ब्लोम याने ‘लॅन्सेट’मधून जाहीर केले की, चेहऱ्याचा शूलही त्याने आवरतो. मज्जातंतूतून जाणारे विजेसारखे संदेश बेफाम झाले की हे औषध त्यांना लगाम घालते. आता त्याच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, आणि आमच्या कारंज्यातल्या औषधाच्या दुकानातही ते मिळते.

पण ही गोळी म्हणजे खडीसाखर नव्हे. मात्रा थोडीपासून सुरू करून हळूहळू वाढवावी लागते. झोप येते, तोल जातो, रक्तातले सोडियम उतरू शकते. म्हणून अधूनमधून रक्त तपासावे लागते. अंगावर पुरळ उठले तर तत्काळ डॉक्टरांना गाठावे. आपल्या मनाने ती सुरू करू नये, एकाएकी बंदही करू नये.

शूळाचे मूळही आता बरेचसे उलगडले आहे. पुष्कळ रोग्यांत मेंदूच्या बुंध्याशी एखादी रक्तवाहिनी त्या तंतूवर दाबून बसते, आणि तारेवरचे रबर झिजावे तसे त्याचे आवरण झिजते. अमेरिकेच्या वॉल्टर डँडीने हे 1934 च्या सुमारास मांडले. पीटर जॅनेटाने 1960 नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली तो दाब सोडवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. गोळी पुरेनाशी झाली तर हा मार्ग आहे. मुंबईचा नट सलमान खान यानेही या आजारासाठी 2011 साली अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे त्याविषयी उघडपणे सांगितले. पडद्यावर दांडगाई करणाऱ्यालाही गालातली वीज चुकली नाही, हे लोकांना कळले ते बरे झाले.

मला अजून गोळी पुरते. थंडीत मफलर गुंडाळून शाळेत जातो, आणि हजेरी शेवटच्या नावापर्यंत घेतो. रोग मुळातून गेलेला नाही, आवरलेला आहे. आवरलेल्या रोगाबरोबर संसार करता येतो.

तेव्हा या दिवाळीत घरातल्या आजीने किंवा काकांनी फराळाचे ताट सरकवले, गालाला हात लावून ती उगी राहिली, तर ‘नखरे कशाला?’ असे म्हणू नका. कळ कशी येते, कशाने येते, कुठल्या बाजूला येते, एवढे शांतपणे विचारा. विजेसारखी चमकून जाते म्हणाली, तर दाढ उपटण्याची घाई करू न देता मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे न्या. तोवर करंजी दुधात कुस्करून द्या.