हस्तिदंतावरील लघुव्यक्तिचित्रे (अमेरिका)

अठराव्या शतकात अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत रुजलेला चित्रप्रकार. तळहातात मावणारी ही चित्रे अंगावर बाळगण्यासाठी काढली जात. गळ्यातले पदक, मनगटाचा पट्टा किंवा खिशातली डबी ही त्यांची जागा. मागच्या बाजूला अनेकदा त्याच माणसाचे केस गुंफून बसवलेले असत. समुद्रापार गेलेला नवरा, लढाईवरचा मुलगा, दगावलेले मूल यांना जवळ ठेवण्याची ओढ हेच या कलेचे खरे बळ होते.

हस्तिदंताचा पातळ काप घासून, त्यातला तेलकटपणा काढून त्यावर डिंकात कालवलेले जलरंग लावत. गुळगुळीत पृष्ठावर ओला रंग ठरत नाही, म्हणून चित्रकार बारीक ठिपके आणि रेघा भरत जाई. चेहऱ्यावर रंग विरळ ठेवला, की खालचा हस्तिदंत त्वचेसारखा उजळे. व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएरा हिने 1700च्या सुमारास रूढ केलेले हे तंत्र इंग्लंडमार्गे वसाहतींत आले.

चार्ल्सटनची मेरी रॉबर्ट्स (मृत्यू 1761) ही वसाहतींतील पहिल्या लघुचित्रकारांपैकी एक. बॉस्टनमध्ये जॉन सिंगलटन कॉप्ली याच्या लघुचित्रांना सोन्याचांदीच्या चौकटी घडवून देणारा कारागीर होता पॉल रिव्हिअर, पुढे अमेरिकन क्रांतीत गाजलेला.

या कलेतले सर्वांत जिव्हाळ्याचे नाव मात्र चार्ल्स विल्सन पील (1741–1827) याचे. मूळचा हा खोगीर बनवणारा. लंडनला चित्रकार बेंजामिन वेस्टकडे शिकून परतला. मे 1772 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या घरी त्याने वॉशिंग्टनचे मोठे तैलचित्र काढले आणि पत्नी मार्था व तिची दोन मुले, जॅकी व पॅट्सी, यांची लघुचित्रे. वॉशिंग्टनच्या हिशेबात तैलचित्राचे 18 पौंड 4 शिलिंग, तर प्रत्येक लघुचित्राचे 13 पौंड मांडलेले आहेत. एवढ्याशा चित्राचे मोल यावरून कळते. पुढच्याच वर्षी, जून 1773 मध्ये, पॅट्सी आकडी येऊन वारली. आईसाठी त्या चित्राचे मोल कोणत्याही हिशेबात मावणारे नव्हते.

स्वातंत्र्ययुद्धाने मागणी वाढवली. पील स्वतः प्रिन्स्टनला लढला आणि 1777–78च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत त्याने अधिकाऱ्यांची लघुचित्रे काढली. घरी पाठवण्यासाठी अशी चित्रे हवीच असत. 1786च्या सुमारास त्याने लघुचित्रांचे काम धाकटा भाऊ जेम्स याच्याकडे सोपवले. जेम्सची मुलगी ॲना हिनेही पुढे हाच व्यवसाय केला. न्यूयॉर्कमध्ये आयर्लंडहून आलेला जॉन रॅमेज चित्राबरोबर त्याची सोन्याची डबीही स्वतःच घडवी. 1789 मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन चित्रासाठी त्याच्यासमोर बसले होते.