तबकडी आणि अंकांतले संगीत

गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली, ती सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर. त्याच तबकडीला पृथ्वीवर मात्र लवकरच उतरती कळा लागली.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय 1902 साली कलकत्त्यास गौहर जान प्रभृतींच्या गायनाने सुरू झाला. लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात राग उभा करण्याचे कसब गवयांनी कमावले. 1948 साली अमेरिकेत आलेल्या विनाइलच्या दीर्घ मुद्रिकेने ही मुदत वीस मिनिटांपलीकडे नेली. पुढे कॅसेटने तबकडीची बाजारपेठ आक्रसली आणि 1982 साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने, सेकंदाला 44,100 वेळा स्वर मोजून, संगीताचे अंकांत रूपांतर केले. इंटरनेटमुळे तर त्याला वस्तूचीही गरज उरली नाही.

तबकडीचा शेवट झाला असे वाटत असतानाच नवल घडले. 2022 साली अमेरिकेत सुमारे 4 कोटी 10 लाख तबकड्या खपल्या, तर कॉम्पॅक्ट डिस्क 3 कोटी 30 लाख. संख्येत तबकडी पुढे गेली, ती 1987 नंतर प्रथमच. वर्गणी भरून ऐकलेले गाणे आपले नसते; वर्गणी थांबली की संग्रहही संपतो, ही जाणीव यामागील एक कारण होय. तथापि तेथील संगीतव्यवसायाच्या उत्पन्नाचा चार-पंचमांशाहून अधिक वाटा इंटरनेटवरील श्रवणाचाच होता. शिवाय फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियातील एक कारखाना जळताच मूळ मुद्रणाच्या लाखी तबकड्या बनविणारा जपानमधील एकच प्रमुख उत्पादक उरला. पुनरुज्जीवनाचा पाया असा नाजूक आहे.

आपल्या जुन्या संगीतापुरते पाहता अंकीय तंत्र हे तबकडीचे वैरी नव्हे. पोलादी सुईने दरवेळी झिजणारा अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर त्यानेच घरोघरी पोहोचविला. परंतु खरखर काढताना स्वराचाही अंश गेला, तर पडताळा पाहण्यास मूळ तबकडीच हवी. तिच्यावरील क्रमांक आणि नावपट्टी हीही इतिहासाची साधनेच. सूक्ष्मपट तयार झाला म्हणून कोणतेही जाणते ग्रंथालय हस्तलिखित टाकून देत नाही. तबकडीलाही हाच न्याय लावावयास हवा.