शरण जायचे कोणाला?

शेलूहून लोकलने कर्जत, तेथून खोपोली आणि पुढे पालीच्या रस्त्याने चावणी गाठली की आपण उंबरखिंडीच्या तोंडाशी येतो. मुलांची सहल न्यावी अशी ही जागा आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाइस्ताखानाचा सरदार कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरत असताना शिवाजी महाराजांनी त्याला येथे कोंडले. दोन्ही अंगांना दाट रान, मध्ये अरुंद वाट. रानातून बाण आणि गोळ्या येत होत्या; मारणारा खालच्यांना धड दिसतही नव्हता.

गनिमी काव्याचा नमुना म्हणून ही लढाई शिकवली जाते. आम्हाला तिचा शेवट अधिक विचार करण्यासारखा वाटतो. खानाबरोबर माहूरची रायबागन होती. तिने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला. दूत गेला, अभय मागितले, ते मिळाले, आणि उरलेले सैन्य जिवंत परतले. तोड्याच्या बंदुकीचा नेम शंभरेक मीटरपुढे फारसा भरवशाचा नसे. माणसाची आरोळी त्याहून दूर जाते. म्हणजे ज्याच्या हातून मरण येत होते तो हाकेच्या टप्प्यात होता.

जवळून मारणारा दयाळू असतो, असा याचा अर्थ नव्हे. १९९४ साली रवांडात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना कोयत्यांनी कापले. जवळ असलेल्याकडे दया निदान मागता येते, इतकेच.

आता पल्ला वाढवून पाहू. शेलूपासून उंबरखिंड सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या ‘विस्कॉन्सिन’ या अमेरिकी युद्धनौकेच्या मोठ्या तोफा जवळजवळ तेवढ्याच, म्हणजे सुमारे ३८ किलोमीटर अंतरावर गोळा टाकू शकत. एवढ्या अंतरावरचे दिसते का? हे गणित वर्गात करता येईल. डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणावे. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळते. उंची ३० मीटर घेतली तर उत्तर येते साडेएकोणीस किलोमीटर. तोफेचा पल्ला नजरेच्या जवळजवळ दुप्पट! मग गोळा कोठे पडला हे पाहायचे कसे? त्यासाठी नौकेवरून ‘पायोनियर’ नावाचे वैमानिकरहित छोटे विमान सोडीत. त्यात कॅमेरा असे.

फेब्रुवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धात, असे एक विमान कुवेतच्या फैलका बेटावर गेले. ते डोक्यावर घिरट्या घालू लागले की मागोमाग गोळे येतात, हे तेथील इराकी सैनिकांना एव्हाना कळून चुकले होते. त्यांनी पांढरी फडकी हलवायला सुरुवात केली. माणसांनी यंत्रापुढे शरण जाण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. नौकेवर पडद्यासमोर बसलेल्यांना त्या फडक्यांचा अर्थ समजला.

शस्त्र खाली ठेवून शरण आलेल्याला मारू नये, हे १९०७ च्या हेग कराराच्या २३ व्या कलमात लिहिलेले आहे. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. शरण घेणारा समोर, जमिनीवर असणार, हे त्या काळी वेगळे लिहिण्याची गरज कोणाला वाटली असेल?

ती गरज पुढे पडली. फेब्रुवारी २००७ मध्ये इराकमध्ये एका अमेरिकी हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी तळावर कळवले, की खालची दोन माणसे शरण येऊ पाहत आहेत. हेलिकॉप्टर काही तेथे उतरून त्यांना ताब्यात घेणार नव्हते. तळावरील कायदा सल्लागाराचे मत आले, की विमानापुढे शरण जाता येत नाही, त्यामुळे हल्ला करण्यास हरकत नाही. त्या दोघांना मारण्यात आले. २०१० साली लष्करी नोंदी फुटल्या, तेव्हा हे जगाला कळले.