गारगोटीचे मोल

क्वार्ट्झ म्हणजे स्वस्त आणि खरे मोल चावीच्या घड्याळाचे, हा समज इतिहासाला धरून नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सायकोचे ‘अ‍ॅस्ट्रॉन’ विक्रीस आले, ते सोन्याच्या केसमध्ये, साडेचार लाख येनला. तेवढ्या पैशांत टोयोटाची कोरोला येई! आतला स्फटिक (आपली गारगोटीच की!) सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावे, चूक महिन्याला पाच सेकंद. चावीची चांगली घड्याळेही तेवढी दिवसभरात सहज चुकत. स्वस्ताई नंतरची, तिने स्वित्झर्लंडमधल्या हजारो कारागिरांची रोजी घेतली. मला विचाराल तर, अचूक वेळच हवी असणाऱ्याला महागडे क्वार्ट्झ आजही परवडते. सिटिझनचे २०१९चे ‘कॅलिबर ०१००’ वर्षाला एका सेकंदापलीकडे चुकत नाही. मात्र सर्किट गेले की कंपनीचेच दार. चावीच्या घड्याळाला गल्लीतला घड्याळजी बहुधा पुरतो.